हेडमधला बदाम

मामांच्या अ‍ॅम्बॅसडरचं इंजिन खाली उतरवलं तेव्हा पावसाळा नुकताच संपला होता. कोल्हापुरात उद्यमनगरातला एक अंधारा गाळा, शेजारी लेथची घरघर, आणि लाकडी फळीवर उलटं ठेवलेलं इंजिनाचं हेड. मिस्त्रींनी रॉकेलच्या फडक्यानं काजळी पुसली, एका खळग्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्यो बघा, बदाम."

खरंच बदाम. पत्त्यांतला. चार सिलिंडरांवर चार बदामी खळगे, प्रत्येकात शेजारी शेजारी दोन व्हॉल्व्ह, आणि दोन व्हॉल्व्हच्या मधे आत घुसलेली ती टोकदार चोच, जिच्यामुळे गोलाचा बदाम होतो. मी ही गाडी लहानपणापासून पाहत आलोय, तिच्या मागच्या सीटवर झोपलोय, ओकलोय. पण तिच्या पोटात असलं काही असेल हे ठाऊक नव्हतं.

"एवढं सगळं उघडलंयच तर पोर्टिंग मारून घेऊया," मिस्त्री म्हणाले. "पंधराएक हजार जातील. पर गाडी वाऱ्यागत पळंल."

मामेभावाचे डोळे चमकले. "दादा, करूया की. परत कधी इंजिन उघडणाराय आपण?"

मी "बघू" म्हणालो. त्या "बघू"मागे एक जुनी गोष्ट होती. नव्वदच्या दशकात मामांकडे याच्या आधीची एक अ‍ॅम्बॅसडर होती. तिचंही हेड कुणीतरी असंच मोठ्या हौसेनं घासून दिलं होतं. दोन महिने गाडी बरी चालली. मग रेडिएटरचं पाणी रोज कमी व्हायला लागलं आणि सायलेन्सरमधून पांढरी वाफ यायला लागली. घासता घासता पोर्टची भिंत इतकी पातळ झाली होती की पलीकडचं पाणी आत झिरपू लागलं. तेव्हा भंगार बाजारातून दुसरं हेड मिळालं, काम भागलं. आज तसं हेड शोधायला निघालो तर मिळेलच याची खात्री नाही. मामा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. याच गाडीतून एकदा आंबा घाट उतरून रत्नागिरीला जायचं आणि पुन्हा चढून यायचं, एवढीच त्यांची मागणी होती. हेड हे एकच होतं, आणि लोखंड एकदा घासून काढलं की परत लावता येत नाही.

ज्यांचा गॅरेजशी संबंध फक्त बिल भरण्यापुरता येतो त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कार्बोरेटरमधून पेट्रोलमिश्रित हवा मॅनिफोल्डमधून हेडमध्ये येते, तिथल्या बोगद्यातून वळण घेऊन व्हॉल्व्हपाशी पोचते आणि सिलिंडरमध्ये उतरते. जळलेला वायू दुसऱ्या बोगद्यातून बाहेर पडतो. हे बोगदे म्हणजे पोर्ट. ओतकामातून आलेला पोर्ट खडबडीत असतो, कुठे फुगलेला, कुठे आवळलेला. हातातल्या ग्राइंडरनं तो घासून रुंद, सरळ आणि गुळगुळीत करणं म्हणजे पोर्टिंग. इंजिनानं जास्त हवा घेतली की जास्त पेट्रोल जळेल, जास्त ताकद मिळेल. तर्क इतका सरळ आहे की त्यात चूक काढणं अवघड. म्हणूनच गेली शंभर वर्षं लोक हेडं घासत आले आहेत.

मी मिस्त्रींकडे आठवडा मागून घेतला. आठवड्याचे दोन महिने झाले, कारण मी त्या बदामाच्या मागे लागलो.

बदामाचा कर्ता सापडायला फार वेळ लागला नाही. हॅरी वेस्लेक. जन्म १८९७, गाव इंग्लंडच्या नैर्ऋत्येचं एक्झेटर. वडील गॅसची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मोटारीच्या दुनियेतली बाकीची मंडळी घोडागाडीच्या, सायकलीच्या किंवा बंदुकीच्या कारखान्यांतून आली. त्यांना लोखंड कळत होतं. वेस्लेक ज्या घरात वाढला तिथे वायू नळीतून कसा जातो आणि तो मोजायचा कसा, हा रोजच्या पोटापाण्याचा विषय होता. बापलेकांनी मिळून वेक्स नावाचा कार्बोरेटर काढला. तिथून त्याचं लक्ष कार्बोरेटरच्या पुढे, म्हणजे हेडच्या आत गेलं. कितीही चांगला कार्बोरेटर लावला तरी पुढचा बोगदा जर गळा आवळत असेल तर उपयोग काय?

मग त्यानं जे केलं ते आज ऐकायला अगदी साधं वाटतं. हेड टेबलावर ठेवायचं, पोर्टमधून ठरावीक दाबाखाली हवा सोडायची, व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत न्यायचा आणि प्रत्येक टप्प्यावर किती हवा जाते ते मोजून लिहायचं. इंजिन चालू करायचंच नाही. पेट्रोल नाही, आवाज नाही, धूर नाही. मग पोर्टमध्ये इथे थोडी माती भरायची, तिथे थोडं खरवडायचं आणि पुन्हा मोजायचं. पद्धतशीरपणे हे करणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो होता, आणि विसाच्या दशकात बेंटलीसारख्या कंपन्या त्याच्याकडे हेडं घेऊन जाऊ लागल्या.

या टेबलावर जे दिसतं ते अनेकांच्या समजुतीला धक्का देणारं असतं. भोक मोठं केलं म्हणजे हवा जास्त जाते असं नाही. हवा ही पाण्यासारखी, किंवा खरं तर उतारावरून सुसाट निघालेल्या सायकलस्वारासारखी वागते. वळण आलं की ती बाहेरच्या कडेला फेकली जाते आणि आतल्या कडेपासून सुटते. पोर्ट व्हॉल्व्हकडे वळतो तिथली आतली लहान गोलाई आणि व्हॉल्व्हच्या सीटच्या वरखालचा बोटभर भाग, सगळा खेळ प्रामुख्यानं इथे असतो. बाकीचा लांबलचक बोगदा, जिथे ग्राइंडर आरामात पोचतो आणि जिथे घासलेलं छान चमकतं, तिथे फारसं काही घडत नसतं. पुढे डेव्हिड व्हिझार्डनं याच घराण्यातल्या इंजिनांवर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यातही जोर यावरच आहे.

वेस्लेकचं नाव मोठं झालं ते विल्यम लायन्समुळे. लायन्स देखण्या गाड्या बनवायचा, पण त्यात स्टँडर्ड कंपनीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन बसवायचा. गाडी दिसायला चित्त्यासारखी आणि चालायला म्हशीसारखी. त्यानं वेस्लेकला अडीच लीटरच्या त्या इंजिनासाठी ओव्हरहेड-व्हॉल्व्हचं नवं हेड करायला सांगितलं. सत्तरएक अश्वशक्तीचं इंजिन शंभराच्या पुढे गेलं आणि १९३५ साली 'एसएस जॅग्वार' बाजारात आली. खालचा ब्लॉक मुळात तोच, डोकं तेवढं बदललं. हेड म्हणजे काय चीज आहे हे कारखानदारांना तेव्हा पैशांत कळलं. युद्धानंतरच्या जॅग्वारच्या प्रसिद्ध एक्सके इंजिनातही वेस्लेकचा हात होता. तिथे त्यानं इनटेक पोर्ट मुद्दाम वाकवला, आत जाणारी हवा सिलिंडरमध्ये भोवऱ्यासारखी फिरावी म्हणून. थोडी कमी हवा गेली तरी चालेल, पण ती नीट मिसळलेली, घुसळलेली असली पाहिजे. हे वाचलं आणि मला "पोर्ट सरळ करून देतो" म्हणणाऱ्या सगळ्यांबद्दल पहिल्यांदा शंका आली.

आता बदाम. युद्धानंतर ऑस्टिन कंपनीनं आपल्या छोट्या ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिनांसाठी वेस्लेकची ही बदामी पोकळी घेतली. १९५१ साली ऑस्टिन ए-३० गाडीत ८०३ सीसीचं ए-सिरीज इंजिन आलं. पुढे तेच मिनीत गेलं आणि २००० सालापर्यंत बनत राहिलं. त्याचा थोरला भाऊ बी-सिरीज, १९५३-५४ पासूनचा. दोघांची डोकी एकाच साच्यातली वाटावीत अशी. ती चोच शोभेची नाही. आत येणारा ताजा वायू सरळ तापलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर जाऊन आदळू नये, तो वळून फिरत स्पार्क प्लगकडे जावा, आणि पिस्टन वर येताना चोचीखालचा वायू बाजूला ढकलला जाऊन खळबळ व्हावी, एवढी कामं ती करते. आमच्याकडे पोर्टिंग करणारे "व्हॉल्व्हला जागा मिळावी" म्हणून ही चोच बरेचदा पहिली उडवतात. मग पोकळी मोठी होते, कॉम्प्रेशन उतरतं, आणि जळण्याची लयही बिघडते. वेस्लेकनं तासन्‌तास मोजून जे ठेवलं ते दहा मिनिटांत साफ.

पण वेस्लेकला देव करायचंही कारण नाही. कारखान्यानं या इंजिनांत काटकसर केली, आणि त्यातून एक असं दुखणं राहिलं की जे कुठलाही ग्राइंडर बरं करू शकत नाही. चार सिलिंडरांना इनटेक पोर्ट चार हवेत, आहेत दोनच. एक आणि दोन नंबरचा सामाईक, तीन आणि चारचा सामाईक. एक्झॉस्टला तीन, मधल्या दोघांचा मिळून एक. हे पाचही एकाच बाजूला, म्हणजे थंड हवा येणार आणि आगीसारखा धूर जाणार तो शेजारी शेजारी खिडक्यांतून. शिवाय फायरिंगचा क्रम १-३-४-२. म्हणजे सामाईक पोर्टवरचे दोन शेजारी लागोपाठ श्वास घेतात आणि मग पोर्ट बराच वेळ स्वस्थ बसतो. दोन नंबरचा श्वास अजून संपलेला नसतो तोच एक नंबर ओढायला लागतो. वाड्यातल्या सामाईक नळावर पहिली बादली भरत आली असतानाच दुसरीनं आपली बादली सरकवावी, तसं. पाइप घासून पाणी थोडं वाढेल, नळ दोन होणार नाहीत.

हे इंजिन आपल्याकडे कसं आलं ते बहुतेकांना तुकड्यातुकड्यानं ठाऊक असतं. मॉरिस ऑक्सफर्ड मालिका तीन ही गाडी इंग्लंडात १९५६ साली आली. तिचा सगळा सरंजाम हिंदुस्तान मोटर्सनं कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला आणला आणि १९५८ मध्ये अ‍ॅम्बॅसडर अवतरली. सुरुवातीला तिच्यात जुनं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं. वर्षभरातच १४८९ सीसीचं बी-सिरीज आलं, बदामासकट. म्हणजे लायन्सच्या गाडीत १९३५ साली जो बदल झाला तोच आपल्या सरकारी साहेबांच्या गाडीत पंचवीसेक वर्षांनी झाला, आणि दोन्ही वेळा डोकं एकाच माणसाचं. इंग्लंडात हे मॉडेल १९५९ साली संपलं. आपल्याकडे गाडी २०१४ च्या मेपर्यंत निघत राहिली. नव्वदच्या दशकात इसुझुचं इंजिन आलं तोवर पेट्रोल अ‍ॅम्बॅसडर म्हणजे हेच.

आणि इथे मला हवा असलेला पुरावा मिळाला. तोही कुण्या तज्ज्ञाच्या मतातून नाही, त्याच कंपनीच्या दोन गाड्यांच्या आकड्यांतून. हेच १४८९ सीसीचं इंजिन, ७३.०२५ मिलिमीटर बोअर आणि ८८.९ स्ट्रोक, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं १९५५ साली एमजीए नावाच्या दोन सीटच्या खेळकर गाडीतही बसवलं. ऑक्सफर्डमध्ये ते सुमारे ५५ अश्वशक्ती देत होतं. एमजीएमध्ये ७२. सतरा घोडे जास्त! मामेभावाला सांगितलं असतं तर त्यानं त्याच संध्याकाळी हेड मिस्त्रींच्या हवाली केलं असतं.

पण शेजारचा रकाना वाचला की चित्र बदलतं. टॉर्क, म्हणजे चाकाला मिळणारा पीळ, दोन्ही गाड्यांत जवळजवळ सारखाच. पावणेअकरा किलोग्रॅम-मीटरच्या आसपास. फरक एवढाच की ऑक्सफर्डला तो २५०० आरपीएमच्या आत मिळतो आणि एमजीएला ३५०० ला. ते ७२ घोडे ५५०० आरपीएमला बाहेर पडतात. दोन एसयू कार्बोरेटर, त्यांना जोडीचं बाकीचं सामान, इतका सगळा खर्च करून कारखान्यानं इंजिनाचा पीळ वाढवला नाही. तो वरच्या फेऱ्यांपर्यंत टिकवला. घोडे वाढले कारण इंजिन जोरात फिरू लागलं.

आमची अ‍ॅम्बॅसडर टॉप गिअरमध्ये साठच्या वेगाला सव्वादोन-अडीच हजारांवर फिरते. घाट चढताना सेकंड-थर्डमध्ये तीन-साडेतीन. ५५०० आरपीएम या गाडीनं तिच्या आयुष्यात पाहिलेले नाहीत, आणि मामा सीटवर असताना पाहणार नाहीत.

इथे थोडं गणित, पण पाचवीचं. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाची हवा ओढतं. ५५०० ला जेवढी हवा लागते त्याच्या निम्म्याहूनही कमी २५०० ला लागते. आणि हवा बोगद्यातून जाताना जो दाब वाया जातो तो वेगाच्या वर्गाच्या हिशोबानं बदलतो. वेग निम्म्याहून कमी, तर नुकसान जवळपास एक पंचमांश. म्हणजे पोर्ट आवळलेला असला तरी माझ्या चालवण्यात त्याचा जाच मुळात एमजीएवाल्याच्या पाचपट कमी. औषध त्या पाचव्या हिश्श्यावर करायचं, त्यासाठी पंधरा हजार द्यायचे, आणि एकुलतं एक हेड पणाला लावायचं.

उलट पोर्ट रुंद केल्याचा तोटा मात्र नेमका माझ्याच टापूत होणार होता. रुंद बोगद्यात हवा मंदावते. एकच कार्बोरेटर, लांब मॅनिफोल्ड, मंद हवा. पेट्रोलचे थेंब हवेबरोबर न जाता भिंतीला चिकटून ओघळू लागतात. इनटेक आरशासारखा चकचकीत केला तर आणखीनच. चौकातून सुटताना गाडी एक गचका खाते आणि मग लोक कार्बोरेटरला शिव्या देतात.

मग पोर्टिंग हा सगळा थोतांडाचाच प्रकार का? अजिबात नाही. याच घराण्यातलं ए-सिरीज बघा. साध्या मिनीत ८४८ सीसी आणि ३४ अश्वशक्ती. १९६१ च्या मिनी कूपरमध्ये ९९७ सीसी आणि ५५. एक लीटरच्या डबीत आमच्या दीड लीटरच्या हत्तीएवढे घोडे, फक्त ६००० आरपीएमला. विल्टशरमधल्या डाउनटन नावाच्या खेड्यात डॅनियल रिचमंड या माणसानं या हेडांवर हात इतका बसवला होता की खुद्द कंपनी त्याचा सल्ला घेऊ लागली. १९६४, १९६५ आणि १९६७ साली मिनीनं माँटे कार्लो रॅली जिंकली (१९६६ लाही पहिली आली होती, पण दिव्यांच्या वादात बाद ठरवली गेली, तो वेगळा आणि चविष्ट विषय आहे). १९६७ च्या जूनमध्ये तर कमाल झाली. चार तारखेला झांडव्होर्टला कीथ डकवर्थचं नवं डीएफव्ही इंजिन आपल्या पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्कच्या लोटसमध्ये जिंकलं, आणि अठरा तारखेला स्पाला डॅन गर्नी जिंकला तो ईगल गाडीतून, वेस्लेकच्या व्ही-१२ इंजिनावर. अ‍ॅम्बॅसडरच्या डोक्यात ज्याचा बदाम, त्याचंच नाव फॉर्म्युला वनच्या विजेत्या इंजिनावर. मला हे कळलं त्या रात्री मी मामेभावाला फोन करून उठवलं होतं.

पण या सगळ्या ठिकाणी पोर्ट एकटा नव्हता. कॅम, कार्बोरेटर, कॉम्प्रेशन, एक्झॉस्ट, गिअरचं प्रमाण, सगळं एका सुरात जुळवलेलं. आणि इंजिन आयुष्यभर वरच्या फेऱ्यांत राहणार हे ठरलेलं. आमच्या कामाची यादी होती: तीस थाऊचं बोअरिंग, नवे पिस्टन आणि रिंगा, बेअरिंग, टायमिंग चेन. कॅम मूळचाच, कार्बोरेटर मूळचाच.

तरीही एक प्रश्न उरला होता. वेस्लेकनं टेबलावर जे मोजलं ते आमच्या हेडमध्ये कितपत शिल्लक आहे?

याचं उत्तर द्यायला कोल्हापूर हे उत्तम ठिकाण आहे. इथे उसाच्या पाण्यासाठी ऑइल इंजिनं बनवण्यापासून ओतकामाची परंपरा आहे. शिरोलीच्या फाउंड्र्यांत आयुष्य घालवलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात. अशाच एका निवृत्त पॅटर्नवाल्या काकांना मी हेड दाखवलं. त्यांनी पोर्टमध्ये करंगळी घातली, डोळे मिटले, आणि म्हणाले, "कोअर सरकलाय." पोर्टची पोकळी ओतताना आत वाळूचा कोअर ठेवतात. तो साच्यात दोन मिलिमीटर जरी इकडचा तिकडे झाला तरी पोर्टची एक भिंत जाड होते आणि दुसरी तेवढीच पातळ. बाहेरून काही कळत नाही. बी-सिरीजच्या पोर्टच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला पुशरॉडची भोकं. मामांच्या जुन्या गाडीत काय झालं असेल ते मला तिथे उभ्या उभ्या समजलं. ज्यानं घासलं त्याचा हात वाईट असेलच असं नाही. कारखान्यात कुठल्याशा सकाळी वाळू जरा सरकली होती.

मग आम्ही वेस्लेकचं टेबल मांडलं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर, पीव्हीसीचा पाइप, फुटपट्टीला बांधलेली प्लॅस्टिकची यू नळी आणि तिच्यात कुंकू घातलेलं पाणी. मोठ्या कारखान्यांतली यंत्रं अठ्ठावीस इंच पाण्याच्या दाबाला मोजतात. आमच्या क्लीनरला तेवढा दम नव्हता. पण मला एकूण हवेचा आकडा नको होता, चार सिलिंडरांची आपसात तुलना हवी होती. तीन जण जवळजवळ सारखे निघाले. तीन नंबर मात्र प्रत्येक उघडीपीला मागे पडत होता.

पोर्टमध्ये बॅटरी मारून बघितलं. दोष वेस्लेकचा नव्हता, ऑक्सफर्डचाही नव्हता. या हेडांत व्हॉल्व्हची सीट मूळच्या लोखंडातच कोरलेली असते, आणि जुन्या पेट्रोलमधलं शिसं तिचं रक्षण करायचं. २००० सालापर्यंत देशभर शिसं बंद झालं. हवेसाठी ते झालंच पाहिजे होतं. पण अशा जुन्या सीटा खचू लागल्या आणि गॅरेजवाले त्यात कडक रिंगा ठोकून बसवू लागले. आमच्या हेडमध्येही कुणीतरी कधीतरी बसवल्या होत्या. तीन नंबरच्या इनटेकची रिंग आतल्या बाजूनं पोर्टमध्ये डोकावत होती, दीडेक मिलिमीटरचा उंबरठा. तोही नेमका त्या बोटभर जागेत, जिथे हवेला सगळ्यात जास्त राग येतो. शिवाय मॅनिफोल्डचं गॅस्केट दोन्ही पोर्टांवर कडेनं आत आलेलं होतं.

मिस्त्रींना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे पोर्टिंग करायचं का न्हाई?"

"करायचं. पण बोटभर."

तीन नंबरचा उंबरठा काढून रिंग पोर्टमध्ये मिसळवली. बाकीच्या तीन ठिकाणी नुसती धार मोडली. गॅस्केट पोर्टच्या मापानं कापलं. सीटला एका कोनाऐवजी तीन कोन मारून घेतले, म्हणजे हवेला वळायला पायऱ्या मिळतात. व्हॉल्व्ह हातानं लॅप केले. बोगद्याच्या भिंतींना आणि बदामाच्या चोचीला ग्राइंडर लागला नाही. चारही पोकळ्या काचेच्या ब्युरेटनं मोजल्या. कॉम्प्रेशन सव्वासातच्या आसपास निघालं. जुन्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलला ते ठीक होतं, आजच्या ९१ ला त्याहून जास्त झेपतं. फेसिंग मारून ते पावणेआठपर्यंत नेलं. हिशोबानं यातून मिळतात दोनेक टक्के, पण ते प्रत्येक आरपीएमला मिळतात, चौकातही आणि घाटातही. सगळं मिळून हेडचा खर्च साडेचार हजार. व्हॅक्यूम क्लीनरवर पुन्हा लावलं तर तीन नंबर बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसला.

मामेभाऊ थोडा नाराज होता, अजूनही आहे. त्याचं म्हणणं, एकदा तरी वाऱ्यागत पळवून बघायला हवी होती. ते मला कळतं. त्याच्या वयात मीही बोगदा रुंद केला असता.

गेल्या माघात आम्ही रत्नागिरीला गेलो. येताना साखरप्यापासून घाट सुरू झाला तेव्हा मामा पुढे बसले होते, हात गुडघ्यांवर. पूर्वी ही गाडी ज्या वळणांवर सेकंडला यायची त्यातल्या दोन-तीन वळणांवर थर्डमध्येच रेटत गेली. त्यातलं किती श्रेय उंबरठ्याचं, किती नव्या रिंगांचं आणि किती माझ्या मनाचं, हे त्या घाटात सुटं करता येणार नाही. मध्यावर मामांनी पाण्याच्या काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाणी पितीय का?"

"नाही मामा."

"मग जरा दाब की."